आवशीकडचा वाटा

माझ्या घरमालकांना 'मालक' म्हटलेलं खपत नसे. जामसंड्याच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी मी म्हटलं, "मालक, मोरीच्या दाराला कडी नाही." ते हातातलं मासिक खाली न ठेवता म्हणाले, "घराचो मालक मी नाय. मालक वाळवी. तिका इचार." कडी मात्र संध्याकाळपर्यंत बसली.

मी घाटावरची, कोल्हापूरकडची. तिरकं बोलायला आम्हालाही येतं, पण आम्ही ते भांडताना बोलतो. ही माणसं माया लावताना तिरकं बोलतात, हे कळेपर्यंत माझा एक पावसाळा नुसता फणफणण्यात गेला.

गाव त्यांना 'सर' म्हणे, मग मीही तेच म्हणू लागले. मुंबईच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. नोकरीची बरीच वर्षं शिल्लक असताना राजीनामा देऊन गावी परतले. लग्न केलेलं नव्हतं. घरात धाकटी बहीण होती. वयाने लहान असूनही सगळा गाव तिला आक्का म्हणायचा, भाऊ तेवढा 'बाय' म्हणायचा. आक्कांची मुलगी सुमी. तिच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा सासरच्यांनी मायलेकींना माहेरी आणून सोडलं आणि परत कधी विचारलं नाही. त्याच वर्षी सरांनी मुंबई सोडली. मी गेले ते अठ्ठ्याण्णव साल. तेव्हा सुमी बारावीत होती.

सरांना एकच विषय होता, पेशी. तोही अख्खा नाही, पेशीतली मिटोकॉन्ड्रिया. आमच्या मराठी पुस्तकांत तिला तंतुकणिका म्हणतात, असं मी एकदा सांगायला गेले आणि पस्तावले. "तंतुकणिका!" ते म्हणाले, "पेजेक कणी मागितल्यासारख्या वाटता. नाव ठेवणाऱ्यान पेशी बघलल्यान नाय, जेवण बघलल्यान." तेव्हापासून कण्यांची पेज ताटात आली की ते मला म्हणत, "घे गो, तुझ्यो तंतुकणिका."

त्यांचं सगळं विज्ञान मालवणीत चालायचं. बारावीच्या मुलांना ते पडवीत फुकट शिकवत, तेही मालवणीत. पालक कुरकुरत, पेपर काय मालवणीत लिहायचा आहे का. सर म्हणायचे, समजायचं आपल्या भाषेत, लिहायचं सरकारच्या. शुद्ध मराठी बोलायची वेळ त्यांच्यावर तहसीलदार कचेरीत यायची. तिथून परत आले की चूळ भरायचे. ते सवयीने की मला चिडवायला, देव जाणे.

मिटोकॉन्ड्रिया त्यांनी मला माझ्याच उदाहरणाने समजावली. कोणे एके काळी एका पेशीत बाहेरून एक जीवाणू शिरला. पेशीने त्याला खाऊन टाकायला हवं होतं, ते काही झालं नाही, आणि तो तिथेच राहिला. "तुझ्यासारखो भाडोत्री," ते म्हणाले. हळूहळू त्याने घरातली चूलच ताब्यात घेतली. आता आपल्या प्रत्येक पेशीत या चुली पेटलेल्या असतात. त्यांच्यावर आपण चालतो, गिळतो, डोळा उघडतो. पण चूल पेटली की ठिणगी उडणारच, आणि ठिणगी छपराला लागू नये म्हणून कुणीतरी चुलीपाशी बसून राहावं लागतं. ती बसून राहिलेली बाई म्हणजे मेलाटोनिन.

हे नाव त्या घरात आल्यावरच मी पहिल्यांदा ऐकलं. गावाने मात्र त्याचा भलताच अर्थ लावला होता. सरांकडे झोपेचं अमेरिकन औषध आहे अशी आवई उठली होती, आणि म्हातारी माणसं पडवीत येऊन बसायची. सर वैतागायचे. झोप हो तेचो किरकोळ धंदो, म्हणायचे. डोक्यातल्या ग्रंथीतून निघणारं मेलाटोनिन काळोख पडला की रक्तातून फिरतं आणि अंगाला कळवतं की रात्र झाली. तेवढंच लोकांना माहीत. पेशीच्या आत, चुलींपाशी जे सापडतं, त्याला दिवस नाही आणि रात्र नाही. ते कुठे जात नाही, कुणाला काही कळवत नाही, नुसत्या ठिणग्या विझवत बसतं. "दवंडी पिटणारो सगळ्यांका दिसता," ते म्हणत, "चुलीकडे बसलेल्या बायेक कोण इचारता?" त्या भाडोत्री जीवाणूने येतानाच ते आपल्या ट्रंकेतून आणलं असावं, असा त्यांचा तर्क होता. हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, शहाणी माणसं वाद घालतायत, हेही ते लगेच सांगायचे. तर्क आणि सिद्ध यांच्यातला फरक ते कधी विसरत नसत.

घरासमोरच्या खांबावर ग्रामपंचायतीने दिवा लावला तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. दिव्याचा उजेड सुमीच्या खिडकीत यायचा. सरांनी शिडी लावली आणि दिव्यावर आंब्याची करंडी उपडी घालून सुतळीने बांधली. वायरमन आला, करंडी काढून गेला. सरांनी पुन्हा बांधली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी ग्रामसभेत विषय निघाला आणि सर काळोख या विषयावर इतकं बोलले की सरपंचांना जांभया यायला लागल्या. "बघा, आपोआप होता," सर म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "सरांका काळोख व्हयो तर लोडशेडिंगाक हार घाला." अख्ख्या महाराष्ट्रात लोडशेडिंगवर खूश असलेला तो एकटाच माणूस असेल. करंडी शेवटी राहिली. तिच्यापायी मी दोनदा गटारात पाय घातला, आणि दोन्ही वेळा त्यांना ऐकवलं.

पण हे सगळं सुमीसाठी होतं, हे मला माहीत होतं. सुमीच्या पापण्या उतरत चालल्या होत्या. समोरचं दिसावं म्हणून ती हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघायची. नवख्या माणसाला वाटे, काय ही पोरीची ऐट. सरांनी सोनाराकडून चांदीची तार वळवून घेतली आणि तिच्या चष्म्याच्या आतून पापणीला टेकू दिला. सुमी म्हणाली, "लोका चांदी पायात घालतत, मी डोळ्यात घालतंय." पुढे जिना चढताना तिला थांबावं लागायचं, भात गिळताना घशाशी अडायचा. सरांची आई याच दुखण्याने गेली होती. ती तर मासे साफ करताना एका हाताने पापणी वर धरायची, असं आक्का सांगत. सरांची स्वतःची डावी पापणी जराशी खाली असे. मुलं म्हणायची, सर डोळा मारतात.

त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून मेलाटोनिनच्या गोळ्या पाठवत असे. मुंबईच्या डॉक्टरांना विचारून सुमीला त्या सुरू केल्या होत्या. चुलींपाशी आणखी एक बाई नेऊन बसवावी, इतकाच तो हिशेब. काही महिन्यांनी मी विचारलं, गुण आहे का? "झोप बरी लागता," ते म्हणाले, "पापणी उठना नाय." खोटी आशा त्यांनी कुणाला दिली नाही, एक स्वतःला सोडून. गोळ्या चालूच राहिल्या.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पडवीतल्या शिकवणीत सर वर्षातून एकदा एका ठरावीक जागी आले की थांबायचे आणि आत हाक मारायचे, "बाय, परड्यातसून केळीची पाना घेवन ये गो." आक्का मागल्या दारी जायच्या. केळीची पानं तर अजून उद्याच्या जेवणाचीही शिल्लक असायची. त्या गेल्या की सर घाईघाईने दोन-चार वाक्यं सांगून मोकळे होत. मिटोकॉन्ड्रिया बाळाला फक्त आईकडून मिळते. बापाची त्यात मुळीच येत नाही.

दुसरी गोष्ट. आक्का कधी विचारायच्या, "दादा, पण ह्या सुमीकच कित्याक झाला रे?" एरवी तोंडाला येईल ते मालवणीत बोलणारे सर अशा वेळी एकदम शुद्ध बोलायला लागत. "काही दोष आनुवंशिक असतात. त्याला कुणीही जबाबदार नसतं." तहसीलदाराशी बोलावं तसं.

मी त्यांना सरळच विचारलं. एका दुपारी आक्का आणि सुमी देवगडला गेल्या होत्या, आम्ही दोघंच पडवीत होतो. मला वाटलं, उडवून लावतील. पण त्यांनी सगळं सांगितलं, आणि मालवणीत सांगितलं, म्हणून ते मी खरं मानते.

ते कॉलेजात शिकत असताना खारेपाटणच्या एका मुलीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलगी त्यांनी पाहिली होती, आवडलीही होती. त्याच सुमाराला आईच्या पापण्या उतरायला लागल्या. वैद्य झाले, डॉक्टर झाले, आणि मग आईने रीतीप्रमाणे ग्रामदेवतेला कौल लावला. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुखणं कुळातलं काय? उजवी पडली. झिलाचं लग्न करू काय? डावी. चेडवाचं करू काय? उजवी. सगळ्यांना पटलं. मुलगा कुळ पुढे नेणार, म्हणून दुखणंही तोच नेणार. मुलगी एकदा दिली की तिचं कुळ बदललं, ती सुटली.

"मी देवाचा आयकलंय नाय," सर म्हणाले. "मी सायन्सचो. पण माका वाटला, देवाचा आणि माझ्या पुस्तकाचा जमता. घराण्यातला दुखणा, म्हणजे पुढे नेतलो तो मी." ते स्वतः खारेपाटणला गेले आणि लग्न मोडून आले. मुलीच्या बापाने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मग बहिणीचं लग्न त्यांनी स्वतः धावपळ करून लावून दिलं. आमंत्रणापासून अक्षतांपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं.

पुढे मुंबईत पुष्कळ वर्षांनी, कॉलेजच्या ग्रंथालयात, एका नव्या मासिकात त्यांनी वाचलं की आईच्या डोळ्यांसारखी काही दुखणी मिटोकॉन्ड्रियाची असतात आणि ती आईकडूनच येतात. आवशीकडचो वाटो, असं त्यांनी म्हटलं. तो वाटा सगळ्या मुलांना सारखा येत नाही. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं की वाळूत मासळीचे वाटे घालतात, कुणाच्या वाट्याला काय पडेल सांगता येत नाही. त्यांच्या वाट्याला अर्धी पापणी आली. आक्कांना जवळजवळ काहीच नाही, पण सुमीकडे जाताना ढीगभर गेलं. ज्याने लग्न करायला काही हरकत नव्हती तो राहिला होता, आणि जिचं लग्न त्याने हौसेने लावलं तिच्या पोटी सुमी आली होती. तेव्हा सुमी पाच-सहा वर्षांची होती, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते.

"बायेक ह्या कळता नये," ते मला म्हणाले. "आवस ती. ज्या दिवशी तिका कळात की चेडवाक ह्या आपणच दिला, त्या दिवशी ती जेवची नाय." मी म्हटलं, नाही कळणार. एसटी खारेपाटणला थांबली की सगळे चहाला उतरतात. सर कधी उतरत नसत, हे मी त्यांच्यासोबत प्रवास करताना पाहिलं होतं. मला वाटायचं, कंजूषपणा.

सुमीला स्थळ आलं ते त्यानंतर. देवगडात टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला मुलगा, शांत, सरळ. डोळ्यांची मला काही अडचण नाही, असं त्याने स्वतः येऊन सांगितलं. आक्कांना काय करू नि काय नको झालं. त्यांनी देवळात जाऊन कौल लावला, तो उजवा आला. आणि सुमी नाही म्हणाली. कारण सांगेना. कारण मला आणि सरांना माहीत होतं. पडवीतल्या त्याच शिकवणीत ती पण बसली होती, आणि ती काही मठ्ठ नव्हती. मामाला तिने एकदाच म्हटलं होतं, "मामा, ह्या माझ्याबरोबर संपांदे. आणि आयेक सांगू नको."

आक्का भावावर उलटल्या. तू तिचा मामा, तू शिकलेला, तू तिला समजावत का नाहीस? "तुका माझ्या चेडवाचा बरा बघवना नाय," इथपर्यंत त्या बोलल्या. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. सर खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "तिची इच्छा नाही. तिच्या इच्छेचा आपण आदर करायला हवा." त्या शुद्ध मराठीने माझ्या अंगावर काटा आला. भांडण काही दिवस धुमसत राहिलं आणि मग अचानक थांबलं. मला वाटलं, आक्का थकल्या असतील.

त्यानंतर तीनेक वर्षांनी सुमी गेली. उन्हाळ्यात, दुपारची, अंगणात आंबोशी वाळत घालत होती. दम लागला म्हणून भिंतीला टेकून बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदयसुद्धा त्याच चुलींवर चालतं. आक्का रडल्या नाहीत. आलेल्या बायकांना चहा करून देत होत्या, ते बघवत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर सरांनी मला शिडी धरायला बोलावलं. वर चढून त्यांनी दिव्यावरची करंडी सोडवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "आता कोणाक व्हयो काळोख." त्या वर्षी त्यांनी शिकवणी घेतली नाही. मासिकं येत राहिली, पण त्यांची पाकिटं उघडलेली मी पाहिली नाही.

पुढे माझी बदली आमच्याच संस्थेच्या आंबोलीच्या शाळेत झाली. मी सुट्टीत जामसंड्याला जायचे, तेव्हा सर आणि आक्का पडवीत दोन टोकांना बसलेले असत. दोन हजार आठच्या पावसाळ्यात सर गेल्याचा फोन आला, तेव्हा घाटात दरड आली होती. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आक्का पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सोलायला घेतल्या. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्या एकदम म्हणाल्या, "सुमीक ता माझ्याकडसून गेला. माका म्हायत आसा."

मी हातातली आठळी खाली ठेवली.

"दादा शुद्ध बोलाक लागलो काय माका कळाचा, कायतरी लपयता. सुमीन लगनाक नाय म्हटल्यान तेव्हा तो तसोच बोललो. मगे शिकवणीत माका परड्यात धाडल्यान. मी गेलंय नाय. दाराआड उभी रवलंय. आवशीकडसून येता म्हणालो. तेवढा आयकलंय आणि गेलंय मागल्या दारी."

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"कित्याक? तो इतको जपत होतो. माका म्हायत आसा ह्या तेका कळला आसता तर तेका वायट वाटला आसता."

दोघांनी एकाच घरात इतकी वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट जपून ठेवली होती, आणि तीही मायेपोटी. मला रडू आलं. आक्काच मला समजवायला लागल्या.

"रडा नको गो. एक गोष्ट देवान बरी केल्यान. दादाक लगीन करूक दिल्यान नाय. तेची पोरां तरी ह्या भोगूक इली नाय. मी तेचोच धीर धरतंय."

मी मान खाली घातली आणि आठळीचं साल काढत राहिले. मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं. आक्कांचे हात थांबले.

"काय गो? गप कित्याक झालंस?"

"काही नाही."

"बापाशीकडसून येता काय ह्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. या बाईशी आता आणखी कुणी खोटं बोलू नये असं मला वाटलं. "नाही, आक्का."

"थोडासा पण?"

"थोडंसुद्धा नाही. फक्त आईकडून."

बाहेर पागोळ्या पडत होत्या. आक्का पडवीच्या दुसऱ्या टोकाकडे, सर बसायचे त्या जागेकडे बघत राहिल्या. लेक गेली तेव्हा ज्या रडल्या नव्हत्या, भाऊ गेला तेव्हाही रडल्या नसतील, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मगे माझो दादा कित्याक रवलो गो एकटो?"